सहा दिवसांत पाच सामने: सवानीच्या १८९९च्या हंगामाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, कंबरलँड पठारावर, सवानी नावाचे छोटे गाव आहे. एपिस्कोपल चर्चने १८५७मध्ये स्थापन केलेले 'युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ' हे विद्यापीठ तेथेच असून ते गावाच्याच नावाने ओळखले जाते. या विद्यापीठाच्या अमेरिकी फुटबॉल संघाने १८९९च्या हंगामात बारापैकी बारा सामने जिंकले, ३२२ गुण मिळवले आणि प्रतिस्पर्ध्यांना अवघे १० दिले. त्या हंगामाची आठवण निघाली की नोव्हेंबरमधल्या पाच सामन्यांच्या रेल्वेदौऱ्याबद्दल हमखास बोलले जाते. मात्र हा दौरा ठरला तो शौर्य गाजवण्यासाठी नव्हे, तर पैशांची तोंडमिळवणी करण्यासाठी.

सवानीचा जुना प्रतिस्पर्धी म्हणजे नॅशव्हिलचे व्हँडरबिल्ट विद्यापीठ. या दोघांच्या सामन्याला मोठी गर्दी लोटत असे आणि त्या तिकीटविक्रीवर संघाच्या वर्षभराच्या खर्चाचा बराचसा भार निभावत असे. १८९९मध्ये या उत्पन्नाच्या वाटणीवरून दोन्ही पक्षांचे बिनसले आणि सामनाच झाला नाही. ही तूट भरून काढायची जबाबदारी संघाचा विद्यार्थी-व्यवस्थापक ल्यूक ली याच्यावर आली. त्याने टेक्सासपासून मेंफिसपर्यंतच्या संघांशी सामने ठरवले आणि ते एकाला एक लागून ठेवले, कारण एकाच प्रवासखर्चात पाच ठिकाणची तिकीटविक्री पदरात पडणार होती. (हाच ली पुढे 'नॅशव्हिल टेनेसीयन' या वृत्तपत्राचा संस्थापक आणि अमेरिकी सिनेटचा सदस्य झाला, १९१९च्या जानेवारीत तर हॉलंडमध्ये आश्रय घेतलेल्या जर्मन कैसरला पळवून आणण्याच्या मोहिमेचे नेतृत्वही त्यानेच केले. अशा माणसाला सहा दिवसांत पाच सामने अशक्य वाटले नसतील, यात नवल नाही.)

प्रशिक्षक बिली स्यूटर आणि कर्णधार हेन्री सीबल्स यांच्यासह एकवीस खेळाडू रेल्वेने निघाले. परगावच्या पाण्याने पोरे आजारी पडू नयेत म्हणून सवानीच्या झऱ्याचे पाणी पिंपांत भरून बरोबर घेतले होते. खेळाचे बूट मात्र मागेच राहिले आणि ते पुढच्या गाडीने मागवून घ्यावे लागले, असे सांगतात. ९ नोव्हेंबरला ऑस्टिन येथे टेक्सास विद्यापीठाचा १२-०, दुसऱ्या दिवशी ह्यूस्टन येथे टेक्सास ए अँड एमचा १०-० आणि ११ तारखेला न्यू ऑर्लिन्समध्ये तुलेनचा २३-० असा पराभव झाला. १२ तारखेला रविवार होता आणि चर्चच्या संस्थेचा संघ त्या दिवशी खेळणे शक्य नव्हते. मग १३ला बॅटन रूजमध्ये लुइझियाना स्टेटवर ३४-० आणि १४ला मेंफिसमध्ये मिसिसिपी विद्यापीठावर १२-० असे विजय मिळाले. सुमारे २,५०० मैलांच्या या दौऱ्यात ९१ गुण मिळाले आणि एकही द्यावा लागला नाही.

या कामगिरीचे मोल जाणायचे तर तेव्हाचा खेळ कसा होता हे पाहावे लागते, कारण आज दूरचित्रवाणीवर दिसणारे अमेरिकी फुटबॉल आणि ते फुटबॉल यांत फार अंतर आहे. चेंडू पुढे फेकण्यास, म्हणजे फॉरवर्ड पासला, परवानगी नव्हती. ती १९०६मध्ये मिळाली. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकले नाही तर चेंडू गमवावा लागे, त्यामुळे बहुतेक वेळ माणसांच्या भिंतीवर माणसे आदळण्यातच जाई. सामना ७० मिनिटांचा असे, मैदानाबाहेर गेलेल्या खेळाडूला सहसा परत येता येत नसे आणि अंगावरचे संरक्षक साहित्य नावापुरतेच होते. साहजिकच दुखापत झालेला खेळाडूही मैदान सोडायला तयार नसे. आक्रमण आणि बचाव दोन्ही तेच अकरा जण करत आणि रात्री रेल्वेच्या डब्यात झोपून दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा उभे राहत.

दौऱ्याहून परतल्यावर कंबरलँड विद्यापीठाचा ७१-० असा फडशा पडला, पण खरी कसोटी ३० नोव्हेंबरला माँटगोमेरी येथे लागली. समोर ऑबर्नचा संघ होता आणि त्याचे प्रशिक्षक होते जॉन हाइजमन, ज्यांच्या नावाने आज सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला चषक दिला जातो. त्या काळी टचडाऊनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला, पाच गुण आणि त्यानंतरच्या यशस्वी किकला एक गुण मिळे. सामना सवानीने ११-१० असा जिंकला; हंगामात सवानीविरुद्ध झालेले सगळे दहा गुण याच सामन्यातले होते. पराभवानंतर हाइजमन यांनी पंचांविरुद्ध वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली. माझ्या मते संपूर्ण हंगामातला सर्वांत चुरशीचा दिवस हाच, दौऱ्यातला एकही नव्हे. दोनच दिवसांनी अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाला ५-० असे नमवून संघाने हंगाम संपवला.

राष्ट्रीय विजेतेपदाचा मान मात्र त्या वर्षासाठी बहुतेक जण हार्वर्डला देतात. तेव्हा खेळाची सूत्रे ईशान्येकडील जुन्या विद्यापीठांच्या हाती होती आणि दक्षिणेतला संघ त्यांच्या खिजगणतीत नव्हता.

पुढे महाविद्यालयीन फुटबॉल मोठ्या स्टेडियमचा आणि मोठ्या पैशाचा खेळ झाला, तेव्हा सवानीसारख्या लहान संस्थेला ते झेपले नाही. १९३२मध्ये ती साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे आग्नेय अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेच्या, संस्थापकांमध्ये होती, परंतु त्या कॉन्फरन्समधला एकही फुटबॉल सामना तिला जिंकता आला नाही. १९४०मध्ये विद्यापीठाने कॉन्फरन्स सोडली.