हाताची हाडे

खांद्याच्या सांध्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत प्रत्येक हातात 30 हाडे असतात : दंडात एक, कोपर ते मनगट या भागात (प्रकोष्ठात) दोन, मनगटात आठ, तळहातात पाच आणि बोटांत चौदा. गळ्याचे हाड आणि खांद्याचा फरा ही दोन हाडे धरल्यास संख्या 32 होते, परंतु त्यांची गणना बहुधा स्कंधमेखला म्हणून वेगळी केली जाते. खालील सर्व वर्णन हात बाजूला सोडून तळवे पुढे केलेल्या उभ्या स्थितीला अनुसरून आहे. या स्थितीत अंगठा बाहेरच्या आणि करंगळी आतल्या बाजूस येते.

भुजास्थीचे (ह्यूमरस) गोलसर डोके फऱ्याच्या उथळ खोबणीत टेकते. खोबणी उथळ असल्यामुळे खांद्याला इतर कोणत्याही सांध्यापेक्षा अधिक हालचाल लाभते आणि तो निखळतोही सहज. प्रकोष्ठातील दोन हाडांपैकी अल्ना करंगळीच्या आणि रेडियस अंगठ्याच्या बाजूस असते. अल्ना वर जाड असून खाली निमुळती होत जाते, तर रेडियस वर बारीक आणि खाली रुंद असते. यामुळे कोपराचा सांधा मुख्यतः अल्ना व भुजास्थी यांचा, तर मनगटाचा सांधा रेडियस व मनगटाची हाडे यांचा बनतो. अल्ना मनगटाच्या हाडांना प्रत्यक्ष भिडत नाही. मध्ये कूर्चेची चकती असते. तळहात मागे वळवताना अल्ना जवळजवळ स्थिर राहते व रेडियसचे खालचे टोक तिच्यावरून आडवे जाऊन आतल्या बाजूस येते, म्हणजेच दोन्ही हाडे एकमेकींना ओलांडतात.

मनगटातील आठ हाडे दोन ओळींत असतात. वरच्या ओळीत अंगठ्याकडून स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम आणि पिसिफॉर्म, तर खालच्या ओळीत ट्रॅपिझियम, ट्रॅपिझॉइड, कॅपिटेट व हॅमेट हा क्रम लागतो. पिसिफॉर्म खरे तर ओळीत नसून ट्रायक्वेट्रमच्या पुढे, एका स्नायुबंधात रुतलेले असते. म्हणून काहींनी त्याला केवळ स्नायुबंधातील हाड मानले. मात्र अनेक सस्तन प्राण्यांत ते लांबट व ठळक असते, हे पाहता तो मूळचाच घटक असल्याचे मत अधिक पटण्याजोगे वाटते.

अंगठ्याच्या बुडाशी असलेले हाड तळहाताचे की बोटाचे, हा वाद बराच जुना आहे. इ. स. दुसऱ्या शतकातील वैद्य गेलन याने तळहातात चारच हाडे मोजली आणि अंगठ्याला इतर बोटांप्रमाणे तीन पेरी देऊन बोटांची हाडे पंधरा ठरवली. सुश्रुतसंहितेतही, जिचा मूळ भाग सामान्यतः इसवी सनापूर्वीचा मानला जातो, प्रत्येक बोटाला तीन याप्रमाणे पंधराच हाडे सांगितली आहेत. तेथे एका अवयवातील एकूण संख्या 30 येते, पण घटकांची विभागणी वेगळी असल्याने आजच्या आकड्याशी जुळणे हा बहुधा योगायोगच होय. गेलनच्या बाजूचा सर्वांत सबळ पुरावा वाढीच्या केंद्रांचा (कूर्चेचे हाड बनू लागते त्या ठिकाणांचा) आहे. तळहातातील इतर चार हाडांचे दुय्यम (नंतर तयार होणारे) केंद्र बोटाकडील टोकाला असते, अंगठ्याच्या या हाडाचे मात्र बोटांच्या पेरांप्रमाणे मनगटाकडील टोकाला. तथापि दुसऱ्या टोकालाही कधीकधी आभासी केंद्र आढळते, आणि प्राचीन सरीसृपांतही पहिल्या बोटाला दोनच पेरी होती, त्यामुळे मधले एखादे हाड लुप्त झाल्याचे मानण्याची गरज उरत नाही. आज हे हाड तळहाताचेच मानले जाते. ते ट्रॅपिझियमशी खोगिरासारख्या सांध्याने जोडलेले असून अंगठा इतर बोटांसमोर आणता येतो तो या सांध्यामुळेच. याउलट तर्जनी व मधल्या बोटाची तळहातातील हाडे मनगटाशी जवळजवळ घट्ट असतात.

मनगटाची हाडे जन्मतः कूर्चामय असतात. कॅपिटेट व हॅमेट यांत पहिल्या काही महिन्यांतच अस्थीभवन (कूर्चेचे हाडात रूपांतर) सुरू होते, पिसिफॉर्ममध्ये सर्वांत उशिरा, साधारणतः 9 ते 12 वर्षांच्या सुमारास. त्यामुळे मुलांच्या अस्थिवयाचा (हाडांच्या वाढीवरून ठरणाऱ्या वयाचा) अंदाज हाताच्या क्ष-किरण चित्रावरून घेतात. मनगटाच्या हाडांपैकी स्कॅफॉइड सर्वांत जास्त वेळा मोडते, आणि त्याला रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडील बाजूने होत असल्याने मोडलेला वरचा तुकडा जुळणे कठीण जाते. रेडियसच्या खालच्या टोकाच्या अस्थिभंगाचे वर्णन आयरिश शल्यवैद्य अब्राहम कॉलिस यांनी 1814 मध्ये केले.