अनेक डोकी, एक पट

बुद्धिबळाच्या अधिकृत स्पर्धेत डाव चालू असताना खेळाडूला कोणाचाही सल्ला घेता येत नाही. ऑलिंपियाड ही देशोदेशींच्या संघांची स्पर्धा सांघिक म्हणायची, पण तिथेही चार पटांवर चौघे आपापला डाव एकट्यानेच खेळतात. संघाची होते ती गुणांची बेरीज. एकाच पटावर अनेकांनी विचारविनिमय करून चाल ठरवण्याची रीत या चौकटीबाहेरच वाढली, आणि ती बरीच जुनी आहे.

१८२४ मध्ये स्कॉटलंडमधले एडिंबरा आणि लंडन इथल्या बुद्धिबळ मंडळांत पत्राने सामना सुरू झाला. सभासद एकत्र बसून चाल ठरवत आणि टपालाने पाठवत. पाच डावांना १८२८ उजाडले. एडिंबराने दोन जिंकले, एक गमावला, दोन बरोबरीत सुटले. डावाच्या पहिल्या काही चालींच्या एका ठरावीक क्रमाला, म्हणजे ‘स्कॉच’ सुरुवातीला, तिचे नाव याच सामन्यामुळे मिळाले.

पत्राऐवजी शेजारी बसून सल्ला घेतल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १८५८ चे, पॅरिसच्या ऑपेरागृहातले. एका बाजूला ब्रन्सविकचे ड्यूक आणि काउंट इसुआर, दुसऱ्या बाजूला एकटा अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी. सोळाव्या चालीला त्याने वजीर देऊन टाकला आणि सतराव्या चालीला मात केली. एकापेक्षा दोन डोकी बरी, असे निदान त्या संध्याकाळी तरी दिसले नाही. १९७० मध्ये ‘सोयुझ ९’ या सोव्हिएत अंतराळयानातल्या दोन अंतराळवीरांनी जमिनीवरच्या दोघांशी डाव खेळला. तो बरोबरीत सुटला.

इंटरनेटने मात्र या प्रकाराचा मूळ स्वभावच बदलला. चर्चेची जागा मतमोजणीने घेतली. १९९६ मध्ये रशियन विश्वविजेत्या कार्पोवने ‘जगा’ला, म्हणजे इंटरनेटवरून चालीला मत देणाऱ्या लोकांना, हरवले, तेव्हा एका चालीच्या विचाराला जेमतेम काही मिनिटे होती. १९९९ च्या रशियन विश्वविजेत्या कास्पारोवविरुद्धच्या डावात एका चालीला पूर्ण दिवस होता. चार तरुण खेळाडू चाली सुचवत आणि लोक मत देत. त्यांतल्या पंधरा वर्षांच्या इरिना क्रशने दहाव्या चालीला वजिराची नवी चाल सुचवली. डाव तिथेच अनोळखी वाटेला लागला. ती कारणे देऊन समजावत असे, म्हणून तिच्याभोवती विश्लेषण करणाऱ्यांचा गट जमला. माझ्या मते ‘जग’ चार महिने तग धरू शकले ते मतांच्या संख्येमुळे नव्हे, या गटामुळे. ही चर्चा उघड चाले आणि कास्पारोव ती वाचत होता, हा भाग जरा अन्यायाचाच. शेवटी उरलेल्या वजीर-प्याद्यांच्या अंतिम टप्प्यात त्याने ६२ चालींत डाव जिंकला. पन्नास हजारांहून अधिक लोक त्यात सहभागी होते.

२०२५ मध्ये नॉर्वेचा माजी विश्वविजेता मॅग्नस कार्लसन याच्यासमोर १,४३,००० हून अधिक जण होते आणि त्यांनी त्याला बरोबरीत रोखले. आता प्रत्येकाच्या खिशात कार्लसनपेक्षा बलवान संगणक असतो. त्यामुळे त्या मतांपैकी किती खरोखर माणसांची, ही शंका काही केल्या जात नाही.