भाडे-व्हाउचर (अमेरिका)

अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना खासगी मालकाचे घर परवडावे म्हणून भाड्याचा काही भाग सरकारने भरण्याच्या अमेरिकेतील व्यवस्थेस भाडे-व्हाउचर म्हणतात. ‘सेक्शन एट’ हे तिचे रूढ नाव. १९३७ च्या कायद्याने सरकारी पैशातून भाड्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. १९७४ च्या दुरुस्तीने घरे बांधण्याऐवजी भाडेकरूच्या भाड्याला हातभार लावण्याचा मार्ग खुला झाला. आजच्या योजनेचे रूप १९९८ च्या कायद्याने ठरले.

कुटुंबाने साधारणपणे समायोजित (ठरावीक वजावटी वगळून उरणाऱ्या) उत्पन्नाच्या ३० टक्के रक्कम भाडे आणि वीज-पाण्यापोटी द्यायची, उरलेली ठरावीक मर्यादेपर्यंत स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरण थेट मालकाला देते. उदाहरणार्थ, असे उत्पन्न महिना २,००० डॉलर आणि मर्यादेत बसणारे भाडे १,५०० डॉलर असेल, तर भाडेकरू ६०० व प्राधिकरण ९०० डॉलर भरते. त्यापूर्वी घराची तपासणी होते आणि गरम पाणी किंवा खिडक्यांची कडी यांसारख्या बाबींवरूनही घर नापास होऊ शकते.

ही मदत हक्काची नाही, आणि वादाचे मूळ बरेचसे इथेच आहे. पात्र कुटुंबांपैकी साधारण चारातल्या एकालाच कोणतेही केंद्रीय भाडेसाहाय्य मिळते. बाकीची प्रतीक्षायादीत अडकतात किंवा यादीच बंद असल्याने तिथवरही पोहोचत नाहीत. व्हाउचर हाती आल्यावरही ठरलेल्या मुदतीत, जी किमान ६० दिवसांची असते, घर न मिळाल्यास ते परत जाऊ शकते. काही राज्यांनी व शहरांनी व्हाउचरधारकास नाकारण्यावर बंदी घातली आहे. इतरत्र मालक सरळ नकार देऊ शकतो.

अनुदानाचा पैसा अखेर मालकाच्याच खिशात जातो, हा जुना आक्षेप. १९७० च्या दशकात ग्रीन बे आणि साउथ बेंड या शहरांच्या परिसरात पात्र असलेल्या सर्वांना भत्ता देऊन पाहिला, तेव्हा भाडी फारशी वाढली नाहीत. उलट, ९० मोठ्या महानगरांवरील २००२ च्या एका अभ्यासात व्हाउचरमुळे अनुदान न मिळणाऱ्या गरिबांचे भाडे सरासरी १६ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. पुढील संशोधनाने मात्र एकूण भाड्यावर असा परिणाम दिसत नसल्याचे म्हटले. जिथे नवी घरे बांधणे नियमांमुळे अवघड आहे, तिथे हा आक्षेप अधिक टिकतो, असे म्हणता येते. मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठवून स्वस्त भाड्याचा भार तिजोरीऐवजी मालकावर टाकला, आणि दुरुस्तीविना खचलेल्या चाळींत त्याची किंमत भाडेकरूंनीही मोजली.

व्हाउचरच्या बाजूचा सर्वांत ठोस पुरावा मुलांविषयीचा आहे. १९९४ पासून बोस्टन, शिकागो, न्यूयॉर्कसह पाच शहरांत सोडतीने निवडलेल्या कुटुंबांना कमी गरिबीच्या वस्तीत राहण्यासाठीच वापरता येईल असे व्हाउचर देण्यात आले. त्या आधारे तेराव्या वर्षापूर्वी स्थलांतरित झालेल्या मुलांची पंचविशीतील कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक निघाली. त्यांच्या आईवडिलांच्या कमाईत मात्र फरक पडला नाही.