खडकवासल्याचे परदेशी कॅडेट आणि आपल्या 370 जागा

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या, पासिंग आउट परेडचा व्हिडिओ धुळे-जळगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरू लागला की एक प्रश्न हमखास येतो. रांगेत भूतानचा, ताजिकिस्तानचा, मालदीवचा कॅडेट दिसतो आणि कुणाचे तरी वडील विचारतात, "आमचा पोरगा दोन मार्कांनी राहिला, मग हे कुठून आले?" पहाटे पाचला मैदानावर पळणारी पोरं ज्या घरात आहेत, तिथे हा प्रश्न येणारच.

उत्तर सरळ आहे: जागा कुणी खात नाही. 2024 च्या दोन्ही जाहिरातींत एनडीएसाठी प्रत्येकी 370 जागा होत्या आणि त्या यूपीएससीच्या परीक्षेतूनच भरायच्या होत्या. मित्रदेशांचे कॅडेट त्या गुणवत्ता यादीत नसतातच. त्यांना त्यांचं सरकार पाठवतं आणि दोन सरकारांमधल्या ठरावाने ते येतात. गंमत म्हणजे त्याच जाहिरातीतलं नागरिकत्वाचं कलम फारसं कुणी वाचत नाही. नेपाळच्या प्रजाजनाला आपल्या पोरांबरोबर हीच परीक्षा देता येते.

ही प्रथा आली कुठून हे पाहायचं, तर आधी आपण स्वतः दुसऱ्याच्या दारात उभे होतो तिथे जावं लागतं. खानदेशात 1825 मध्ये जेम्स औटरमने भिल्ल कोअर उभारली, ठाणं धरणगावला. शिपाई इथले, हुकूम देणारे साहेब. पुढची जवळजवळ शंभर वर्षं देशभर हेच चित्र होतं. भारतीय माणूस सुभेदार-मेजरपर्यंत चढायचा, त्यापुढचं दार बंद. पहिल्या महायुद्धात भारतीय पलटणींनी रक्त सांडल्यावर 1918 पासून इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत भारतीयांसाठी वर्षाला दहा जागा निघाल्या. अख्ख्या देशाला दहा! त्या वाटेने गेलेल्यांत पुढे लष्करप्रमुख झालेले थिमय्या होते, आपले कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरातही होते.

देशातच अकादमी हवी, ही मागणी लावून धरली गेली. तिचा विचार करणाऱ्या 1925 च्या स्कीन समितीत मोतीलाल नेहरू आणि जीना एकत्र बसले होते. 1 ऑक्टोबर 1932 ला डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत चाळीस जण. त्यांतले माणेकशा भारताचे लष्करप्रमुख झाले, मुहम्मद मूसा 1965 च्या युद्धात पाकिस्तानचे सरसेनापती होते आणि स्मिथ डन ब्रह्मदेशाच्या सैन्याचे प्रमुख झाले. भरती झाले तेव्हा तिघांपैकी कुणीच परदेशी नव्हता. सरहद्दी नंतर आखल्या गेल्या.

खडकवासल्याची गोष्ट तर याहून मजेदार. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत भारतीय सैनिक इटालियनांशी लढले. त्याची कृतज्ञता म्हणून सुदानच्या सरकारने एक लाख पौंड दिले. फाळणीत या पैशाचीही वाटणी झाली आणि भारताच्या वाट्याला सत्तर हजार आले. ते प्रबोधिनीच्या बांधकामाला लागले. आज प्रबोधिनीचा प्रत्येक फोटो ज्या घुमटावरून ओळखू येतो तो सुदान ब्लॉक. 30 मे 1959 ला सुदानच्या राजदूतांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मुख्य इमारतीलाच परक्या देशाचं नाव आहे, तिथे परदेशी कॅडेट पाहून आपण नवल करतो!

पुढे पाणी उलट्या दिशेने वाहू लागलं. इथिओपियातल्या हरारच्या लष्करी अकादमीत शिकवायला भारतीय अधिकारी गेले. नायजेरियाने 1964 मध्ये कडुना इथे आपली अकादमी काढली, तिचे पहिले प्रमुख भारताचे ब्रिगेडियर वर्मा होते. त्याच वर्षी सप्टेंबरात भारताने आयटेक ही तांत्रिक आणि आर्थिक सहकार्याची योजना सुरू केली. मित्रदेशांच्या लष्करी प्रशिक्षणाचा काही खर्च परराष्ट्र खातं या योजनेतून उचलतं. त्यामागे हिशेब आहे: आज इथे शिकलेला लेफ्टनंट वीस-पंचवीस वर्षांनी त्याच्या देशात सेनापती, कदाचित राष्ट्रप्रमुखही असेल. नायजेरियाचे ओबासांजो तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या लष्करी स्टाफ कॉलेजात शिकले, पुण्यातही शिकले आणि पुढे देशाचे अध्यक्ष झाले.

हिशेब दर वेळी जमतो असं मात्र नाही. फिजीचे सितिवेनी राबुका 1979 मध्ये वेलिंग्टनला होते. 1987 मध्ये त्यांनी जे सरकार उलथवलं, ते मुख्यतः भारतीय वंशाच्या लोकांच्या पाठिंब्यावर उभं होतं. उलट तालिबानचे नेते शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझई 1982 मध्ये डेहराडूनला कॅडेट होते, बॅचमेट त्यांना 'शेरू' म्हणत. तालिबानने काबूल घेतल्यावर 31 ऑगस्ट 2021 ला कतारमधल्या दोह्यात भारतीय राजदूतांना भेटायला आले ते हेच. जुन्या ओळखीने त्या दिवशी किती काम केलं, हे बाहेरून सांगता येत नाही. पण बोलायला माणूस होता.

त्याच काळात इथल्या अकादम्यांत शिकणाऱ्या अफगाण कॅडेटांची पंचाईत झाली. ज्या सैन्यात त्यांना जायचं होतं, ते सैन्यच उरलं नाही. प्रशिक्षण पुरं झालेल्या सुमारे 80 जणांसाठी भारताने फेब्रुवारी 2022 पासून वर्षभराचा इंग्रजीचा अभ्यासक्रम देऊ केला, तोही आयटेकच्याच खात्यावर.