तानसा म्हणजे भातसा नव्हे

दर पावसाळ्यात ‘तानसा भरला’ ही बातमी आली की ठाण्यातल्या कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर भातसा धरणाचे छायाचित्र फिरू लागते, आणि पुढच्या रविवारी कसारा लोकलने निघालेली मंडळी जायचे एकीकडे असताना उतरतात दुसऱ्याच स्थानकावर. दोन्ही जलाशय शहापूर तालुक्यातले, दोन्ही मुंबईची तहान भागवणारे आणि दोन्ही नावांच्या शेवटी ‘सा’. साम्य एवढ्यावरच संपते.

तानसा ठाणेकरांना ऐकून तरी माहीत असतो, म्हणून त्याविषयी थोडक्यात सांगतो. १८९२ मध्ये मुंबईसाठी बांधलेले हे दगडी धरण महापालिकेचे असून त्याला ३८ दरवाजे आहेत. भातसा राज्य शासनाच्या जलसंपदा विभागाचे आणि बरेच अलीकडचे. तानसाची क्षमता सुमारे १४,५०८ कोटी लिटर, तर भातसाची सुमारे ७१,७०३ कोटी लिटर, म्हणजे मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांच्या एकूण साठ्याच्या जवळजवळ निम्मी. आकाराचा फरक एकदा पाहिला की विसरत नाही, त्यामुळे त्यावर अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही.

खरी गफलत होते ती धरणाच्या खाली. तानसाचे पाणी धरणापासूनच जलवाहिन्यांत शिरते आणि मुंबईकडे जाते, त्यामुळे दरवाजे उघडण्याचे दिवस संपले की खालची नदी रोडावत जाते. भातसाचे पाणी मात्र नदीतच सोडले जाते, ते पात्रातून वाहत पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत येते, तिथे पंपांनी उचलले जाते आणि शेजारच्या पांजरापूरला शुद्ध होऊन पुढे जाते. म्हणून भातसा नदी भर एप्रिलमध्येही वाहती दिसते. एप्रिलमध्ये तानसा धरणाच्या पायथ्याशी धबधबा शोधत जाणाऱ्यांची कीव येते ती यासाठी. शिवाय या नद्यांचे गोतही वेगळे आहे: तानसा वैतरणेला मिळते, भातसा उल्हास खोऱ्यातली. तेव्हा ‘तानसाचे पाणी कल्याणच्या खाडीत जाते’ असे छातीठोक सांगणाऱ्याने एकदा नकाशा उघडावा.

नदीचा हा मार्ग लक्षात घेतला की सहलही आपोआप ठरते. तानसेच्या काठाने खाली गेल्यास अकलोली, गणेशपुरी आणि वज्रेश्वरी परिसरातली गरम पाण्याची कुंडे लागतात. पात्रातली काही कुंडे पुरात बुडतात, त्यामुळे तिथे हिवाळ्यातच जावे. वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी अप्पांनी वसई मोहिमेच्या वेळी बोललेल्या नवसाशी जोडलेले आहे, पण माझ्या मते कुंडांपेक्षाही पाहण्याजोगी गोष्ट आहे ती वर, तलावाभोवतीच्या अभयारण्यात. नामशेष झाला असे अनेक दशके मानला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये नंदुरबारकडे पुन्हा सापडला, आणि २०१४ मध्ये तो इथल्या जंगलातही दिसला. पक्षी दिसेलच असे नाही. तरीही लाउडस्पीकर घेऊन जाणाऱ्यांनी कृपा करून दुसरीकडे जावे. माहुली किल्लाही याच रानात येतो, आणि त्याच्या माथ्यावरून तानसाचे पाणी दिसते.

भातसाला असे रान किंवा तीर्थ नाही, तिथे आहे ते मोकळे, अफाट पाणी आणि ८८ मीटर उंचीची भिंत. खर्डीच्या बाजूने ज्याला ‘बॅकवॉटर’ म्हणतात, तो भिंतीच्या मागचा फुगवटा आहे, भिंतीखालची नदी नव्हे. हा शब्द सरसकट वापरणाऱ्यांमुळे कितीजण नको त्या काठावर पोहोचतात. संध्याकाळी फुगवट्याच्या काठी शांत बसावे, एवढाच तिथला कार्यक्रम मला पटतो. पाण्यात उतरू नये, कारण काठ दिसतो तसा उथळ नसतो.

दोन्ही धरणांच्या भिंतींवर मुक्त प्रवेश असल्याचे गृहीत धरू नये. हे पिण्याचे पाणी आहे आणि पहारा असतो. आटगावला उतरून तानसा, आसनगावला उतरून माहुली किंवा शहापूरमार्गे भातसाची भिंत आणि खर्डीला उतरून फुगवटा, हे लोकलमध्ये बसण्यापूर्वीच ठरवून टाकावे.