रॉड कोणत्या हातात धरावा?

उजव्या हाताने कामे करणाऱ्याने रिळाचे (रॉडवर बसवलेल्या, दोर गुंडाळणाऱ्या चाकाचे) हँडलही उजव्याच हाताने फिरवले पाहिजे, हा समज हौशी मासेमारांत वर्षानुवर्षे चालत आला असला, तरी त्याला नियमाचा आधार नाही. हँडल फिरवणे तसे सोपे. गळ नेमका फेकणे, रॉडच्या टोकाला बसलेला हलका झटका ओळखणे आणि मासा ओढत असताना रॉडचा बाक सांभाळणे, ही कसबाची कामे रॉड धरलेल्या हाताकडे असतात. म्हणूनच बहुतेक उजवे मासेमार रॉडखाली लटकणाऱ्या स्पिनिंग रिळाचे हँडल डाव्या बाजूला ठेवतात. ते बदलताही येते: बऱ्याच रिळांत हँडलच्या विरुद्ध बाजूची टोपी काढून हँडल तिकडे बसवता येते.

गोंधळाचे मूळ बहुधा रॉडच्या वर बसणाऱ्या बेटकास्टिंग रिळात असावे. त्यांची हँडले पूर्वापार उजवीकडे असत आणि ती बदलता येत नाहीत. त्यामुळे उजवे लोक उजव्या हाताने गळ फेकून लगेच रॉड डाव्या हातात घेत, आणि तीच रीत पुढे नियम मानली गेली. आज डाव्या हँडलची रिळेही मिळतात. अवजड समुद्री माशांसाठी मात्र, रॉड कमरपट्ट्यात टेकवलेला असताना, जोरकस हाताने हँडल फिरवणेच सोयीचे ठरते.