धुता येते तीच थैली बाजाराची

आठवडी बाजाराला निघताना खुंटीवरची थैली आपण न झटकताच उचलतो. मागच्या खेपेच्या मेथीची माती तिच्या तळाच्या शिवणीत तशीच असते. म्हणून थैली निवडताना पहिला प्रश्न हा, की ती गरम पाण्यात साबणाने पुन्हा पुन्हा धुता येईल का?

अमेरिकेत अ‍ॅरिझोना आणि लोमा लिंडा विद्यापीठांच्या संशोधकांनी ग्राहकांच्या ८४ थैल्या तपासल्या. २०११ साली छापलेल्या त्या अभ्यासात जवळजवळ प्रत्येक थैलीत जंतू निघाले, काहींत ई. कोलाय हा आतड्यातला जंतूसुद्धा. मटणाचं पाणी लागलेली थैली गाडीच्या डिकीत २ तास राहिली, तर जंतू १० पट झाले. धुतल्यावर मात्र ९९.९ टक्क्यांहून अधिक जंतू निघून गेले. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात डिकी किती तापते, हे वेगळं सांगायला नको.

कापड दुकानात मिळणारी, अंगावर बारीक ठिपके उमटवलेली रंगीत थैली अनेकांना कापडी वाटते. ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. कडेचा छोटा तुकडा चिमट्यात धरून पेटवा: सुती कापड कागदासारखं जळून राख होतं, हा तुकडा आकसून वितळतो आणि कडक गोळी उरते. घासली की तिचे तंतू सुटतात आणि उन्हात बरेच दिवस राहिली की तिचा भुगा होतो. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ६० जीएसएमपेक्षा, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा, पातळ अशी थैली चालत नाही.

खताच्या गोणीची थैली वजनाला भक्कम, पण खाण्याच्या वस्तूंसाठी ती नकोच. विणीच्या फटींत खताचे कण अडकतात. फवारणीच्या औषधाशेजारी पडलेली गोणी तर औषध शोषून घेते, आणि ते धुऊन पूर्ण निघेल याची खात्री नसते.

उत्तम थैली घरातल्या जुन्या जाड चादरीची किंवा पँटची. मुद्दाम नवी सुती थैली घेण्यात फारसा फायदा नाही: डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या हिशेबात, फक्त हवामानावरचा परिणाम धरला तरी, साध्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला ती निदान ५२ वेळा वापरावी लागते. साधारण ४० बाय ३८ सेंटिमीटरची थैली ५ किलोला पुरते. फाटते ती बहुधा बंदाच्या टाक्याशी, कारण सगळा भार एकाच ओळीतल्या भोकांवर येतो. शिंप्याला सांगा, बंद ५ सेंटिमीटर रुंद घे, ८ सेंटिमीटर आत उतरव, तिथे चौकोन शिवून मध्ये फुली मार. आत अस्तर नको. दोन थरांत ओल आणि माती अडकते.

मटण-मासळी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आणा. माळव्याची थैली वेगळी, डाळी-साखरेची वेगळी.

माळव्याची थैली दर बाजारानंतर धुवा. पाण्याची टंचाई असेल, तर कपडे खळबळलेल्या शेवटच्या पाण्यात आधी माती काढा, मग अर्धी बादली गरम पाण्यात चमचाभर पावडर घालून १५ मिनिटं भिजवा, शिवणी ब्रशने घासा आणि चांगल्या पाण्यात एकदा खळबळा. उलटी करून उन्हात टाका. वरून सुकली तरी कोपऱ्यांच्या शिवणी ओल्याच राहतात, त्या बोटाने चाचपून बघा. तिथे काळे ठिपके दिसले आणि धुऊनही गेले नाहीत, तर ती बुरशी. अशा थैलीचं पायपुसणं करा.